‘साक्ष दिली आणि आजार परत आला’: मनाच्या आजारांविषयी वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं मनाच्या आजारांविषयी आहेत आणि ती लिहिणारे सगळे विश्वासी आहेत. मी नोकरीची सगळी वर्षं मनोरुग्ण विभागात नर्स म्हणून काढली आणि दर रविवारी उपासनेला बसत आले, त्यामुळे वॉर्डातलं बोलणं आणि मंडळीतलं बोलणं, दोन्ही माझ्या ओळखीचं आहे. पत्रं थोडक्यात दिली आहेत. ओळख पटेल असा तपशील काढून टाकला आहे.

प्रश्न: ताई, प्रभूमध्ये सलाम. बाळंतपणानंतर मला नैराश्य आलं. झोप उडाली, कारण नसताना रडू यायचं, बाळाला जवळ घ्यावंसं वाटेना. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि तीन-चार महिन्यांत मी सावरले. त्याच सुमारास उपास-प्रार्थनेच्या सभेत माझ्यावर हात ठेवून प्रार्थना झाली, मला फार हलकं वाटलं. मी मंडळीपुढे उभं राहून साक्ष दिली की प्रभूने मला बरं केलं, आता गोळ्यांची गरज नाही. त्याच दिवशी गोळ्या बंद केल्या. आता सगळं परत आलंय. डॉक्टरांकडे जावं तर साक्ष खोटी ठरते, न जावं तर दिवस ढकलणं कठीण झालंय. प्रार्थनागटातल्या एक मावशी म्हणाल्या, “तू संशय धरलास म्हणून गेलं.” खरंच तसं आहे का?

उत्तर: आधी तातडीचं सांगते, बाकीचं नंतर. या आठवड्यात डॉक्टरांना भेटा. गोळ्या आपल्या मनाने बंद केल्या, कधी केल्या, हे सरळ सांगा. ते रागावतील म्हणून घाबरू नका, त्यांच्याकडे येणारे कितीतरी जण हेच करून आलेले असतात. घरात उरलेल्या जुन्या पाकिटातल्या गोळ्या परस्पर सुरू करू नका, डोस कुठून सुरू करायचा ते त्यांना ठरवू द्या. थायरॉइडची तपासणी झाली नसेल तर डॉक्टरांना आठवण करून द्या. बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडलं तर थकवा, उदासी, चिडचिड अशी नैराश्यासारखीच लक्षणं दिसू शकतात. आणि मरणाचे विचार येत असतील किंवा आपल्या हातून बाळाला काही होईल अशी भीती वाटत असेल तर आठवडासुद्धा थांबू नका. आजच जा आणि कुणाला तरी बरोबर घेऊन जा.

आता झालं काय ते पाहू. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, पुरता गुण यायला सहा ते आठ. बरं वाटायला लागल्यानंतरही त्या निदान सहा महिने चालू ठेवायच्या असतात, कारण त्याआधी थांबवल्या तर आजार उलटण्याचा धोका वाढतो. थांबवतानाही डॉक्टर त्या हळूहळू कमी करत नेतात. एकदम सोडल्या तर चक्कर येते, मळमळतं, चिडचिड होते, विचित्र स्वप्नं पडतात, काहींना डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होतं. औषध अचानक सुटल्यावर शरीर असंच वागतं. मी पाहिलंय की आपले लोक याच लक्षणांना सैतानाचा हल्ला समजतात आणि आणखी घाबरतात. तुमच्या बाबतीत औषध अर्ध्यावर सुटलं आणि आजार उलटला. याला मी संशय म्हणणार नाही.

साक्षीचं म्हणाल, तर त्या दिवशी तुम्हाला जे वाटलं ते तुम्ही बोललात. प्रार्थनेने मन हलकं झालं, हे खरं होतं. प्रभूने बरं केलं, हेही खरं होतं, कारण त्या तीन-चार महिन्यांत पोटात गेलेली गोळी, रात्री बाळाला सांभाळणारं घरातलं माणूस आणि डोक्यावर ठेवलेला हात, हे सगळं त्याच्याच हातचं. एकच वाक्य घाईचं होतं: “आता गोळ्यांची गरज नाही.” ते ठरवायचा अधिकार साक्षीला नसतो, डॉक्टरांना असतो. पुन्हा मंडळीपुढे उभं राहावंसं वाटलं तर एवढंच सांगा की आजार परत आला, मी औषध घेते आहे आणि प्रभू मला धरून आहे. त्या दिवशी मागच्या बाकावर बसलेला कुणीतरी हे ऐकून डॉक्टरांची लपवलेली चिठ्ठी खिशातून बाहेर काढील. आणि नाहीच उभं राहावंसं वाटलं तर नका राहू. आजारी माणसाने मंडळीला खुलासा देणं लागत नाही.

त्या मावशींसाठी मी पौलाच्या पत्रांतली तीन माणसं पुढे करते. एपफ्रदीत तुरुंगात असलेल्या पौलाकडे मदत घेऊन आला आणि मरणाच्या दारी जाईपर्यंत आजारी पडला (फिलिप्पै २:२५–३०). त्रफिमाला आजारी म्हणून पौल मिलेतात ठेवून पुढे गेला (२ तीमथ्य ४:२०). तीमथ्याच्या पोटाच्या तक्रारी वरचेवर चालू असायच्या, तर पौलाने त्याला थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं (१ तीमथ्य ५:२३). त्या काळात तो औषधासारखाच वापरत. ज्या पौलाच्या हातून लोक बरे झाले, त्याचे हे तीन जवळचे साथीदार. त्यांतल्या एकालाही तो “तुझा विश्वास कमी पडला” म्हणत नाही. उलट एपफ्रदीताचं नाव घेऊन सांगतो, अशांचा मान राखा. मावशींना हे उतारे वाचून दाखवा. रागाने नको, त्या तुमच्यासाठी रडून प्रार्थना करणाऱ्या आहेत हे मला तुमच्या पत्रावरून कळतंय.

“कशाविषयीही चिंता करू नका” हे वचनही तुम्हाला कुणीतरी ऐकवलं असेलच. ते ज्या पत्रात आहे त्याच पत्रात पौल लिहितो की एपफ्रदीत तुमच्याकडे सुखरूप पोचला म्हणजे माझ्या मनावरचा भार कमी होईल. म्हणजे त्याच्याही मनावर भार होता. करिंथकरांना तर तो उघड कळवतो की आशियात आमच्यावर इतकं ओझं आलं की जगायचीच आशा उरली नाही. पुढे मासेदोनियात पोचल्यावर बाहेर भांडणं, आत भीती, जिवाला स्वस्थता नाही. मग खचलेल्यांना धीर देणाऱ्या देवाने काय केलं? तीताला पाठवलं (२ करिंथ ७:५–६). ना दर्शन, ना वाणी. एक ओळखीचा माणूस आला, जवळ बसला, तिकडची खुशाली सांगितली. वॉर्डात असताना हा भाग माझ्या फार उपयोगी पडला. रात्रीच्या गोळ्या वाटताना एक रुग्ण गोळी तळहातावर घेऊन डोळे मिटायच्या, मनातल्या मनात काहीतरी म्हणायच्या आणि मग पाणी प्यायच्या. मी गाडा तिथेच थांबवायची. त्यांचं झाल्याशिवाय पुढच्या खाटेकडे जायची नाही. प्रार्थना आणि गोळी यांचं भांडण मला त्या खाटेपाशी कधी दिसलं नाही.

विल्यम कूपर या इंग्रज कवीचं उदाहरणही सांगते. १७६३ मध्ये आत्महत्येच्या प्रयत्नांनंतर त्यांना सेंट ऑल्बन्स इथे डॉ. नॅथॅनिएल कॉटन यांच्या मनोरुग्णालयात ठेवलं. तिथेच ते सावरले आणि तिथेच त्यांचा विश्वास जागा झाला. १७७३ मध्ये आजार पुन्हा उलटला, तेव्हा त्यांचे पाळक जॉन न्यूटन यांनी त्यांना वर्षाहून जास्त काळ आपल्या घरी सांभाळलं. दोघांची भजनं १७७९ मध्ये एकत्र छापली गेली आणि जगभरच्या मंडळ्या ती अजून गातात. कूपर मात्र १८०० साली मरेपर्यंत पुरते बरे झाले नाहीत. देवाने मला टाकलं, असंच त्यांना वाटत राहिलं. आजार माणसाच्या तोंडून असंही बोलवतो. न्यूटननी त्यावरून त्यांचा विश्वास मोजला नाही. तुमच्या मंडळीनेही तुमचा मोजू नये.

प्रश्न: मी तरुण संघाचं काम पाहतो. आमच्यातल्या १९ वर्षांच्या मुलाने मला रात्री मेसेज केला: “दादा, झोपलो की उठूच नये असं वाटतं. कुणाला सांगू नका, शपथ घ्या.” मी शपथ घेतली. आता काय करू? आत्महत्या करणारा नरकात जातो हे त्याला समजावलं तर तो थांबेल का?

उत्तर: तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मी तुम्हाला फोन केला होता. तेव्हा जे बोललो ते इथे छापते आहे, कारण असा मेसेज आणखी कुणालाही येऊ शकतो.

ती शपथ मोडा. त्याला तोंडावर सांगा: “तुझं बोलणं मी चारचौघांत करणार नाही, पण तुझा जीव वाचवायला ज्या माणसाला सांगावं लागेल त्याला सांगणारच.” तो चिडेल, कदाचित तुमच्याशी बोलणं टाकील. चिडू द्या. मग त्याच्याजवळ बसून आडपडदा न ठेवता विचारा, “जीव द्यायचे विचार मनात येतात का?” असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. बहुतेकांना कुणीतरी विचारलं म्हणून सुटल्यासारखं वाटतं. पुढचं विचारायला जड जाईल, तरी विचारा: कसं करायचं ठरवलंय का, कधी, ते साधन हाताशी आहे का, आधी कधी प्रयत्न केला होता का. बेत ठरलेला असेल तर त्याला क्षणभरही एकटं सोडू नका. साधन घरातून हलवा, घरच्यांना बोलवा आणि रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात घेऊन जा. बेत नसला तरी एक-दोन दिवसांत मानसोपचारतज्ज्ञांची भेट ठरवा आणि स्वतः बरोबर जा. तुमच्या भागातल्या हेल्पलाइनचा नंबर त्याच्या फोनमध्ये तुमच्या नंबरच्या खालीच साठवून द्या. मध्यरात्री तुम्ही झोपलेले असाल, ते जागे असतात.

नरकाची भीती घालू नका. मरणाची इच्छा धरणारा माणूस आधीच स्वतःला निकामी आणि दोषी समजत असतो. भीती घातली की तो फक्त तुम्हाला सांगणं बंद करतो. मोशे, एलीया, योना यांनी देवाजवळ मरण मागितलं, ईयोबाने आणि यिर्मयाने आपल्या जन्मदिवसाला शाप दिला. पवित्र शास्त्राने ती वाक्यं गाळली नाहीत. कॅथलिक चर्चच्या १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात म्हटलंय की गंभीर मानसिक आजार, यातना, भीती यांनी माणसाची जबाबदारी कमी होते, आणि ज्यांनी जीव दिला त्यांच्या तारणाची आशा आपण सोडू नये. ज्यांच्या घरात असं मरण झालंय त्यांनीही हे वाचावं म्हणून मुद्दाम लिहिते.

तुम्हाला वचन हवंच असेल तर प्रेषितांची कृत्ये १६ घ्या. फिलिप्पैतला तुरुंगाधिकारी तुरुंगाची दारं उघडी पाहून कैदी पळाले असं समजतो आणि तरवार उपसून स्वतःला मारायला निघतो. पौल अंधारातून मोठ्याने ओरडतो की स्वतःला काही करून घेऊ नकोस, आम्ही सगळे इथेच आहोत. पापपुण्याची गोष्ट नंतर, त्याने विचारल्यावर निघाली. आधी हाक आणि “आम्ही इथेच आहोत”. तुमच्या तरुण संघाने एवढं केलं तरी पुष्कळ.

रुग्णालयातून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे फार जपायचे असतात, तेव्हा धोका पुन्हा वाढतो. मंडळी पहिल्या आठवड्यात फळं घेऊन झुंडीने जाते आणि मग कुणी फिरकत नाही. तुम्ही पाच-सहा जणांनी वार वाटून घ्या. गेल्यावर प्रार्थनाच करायला हवी असं नाही. त्याला बाहेर फिरवून आणा, नाहीतर नुसते बसा. आणि तुम्ही स्वतः हे एकट्याने वाहू नका, पाळकांना सांगा. फोनवर तुमचा आवाज थकलेला वाटला.

प्रश्न: प्रार्थनेला डोळे मिटले की प्रभूविषयी घाणेरडे, शिवराळ शब्द मनात उमटतात. मला ते नको असतात. मग मी क्षमा मागतो. क्षमेच्या प्रार्थनेत एखादा शब्द मनापासून आला नाही असं वाटलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. यात कधी कधी दोन तास जातात. मार्क ३:२९ वाचल्यापासून वाटतं, मी पवित्र आत्म्याची निंदा केली, आता मला क्षमा नाही. प्रभुभोजन घेणं बंद केलंय. पाळकांना पाच वेळा विचारलं, ते नाही म्हणाले, तेवढ्यापुरतं बरं वाटलं.

उत्तर: हे पत्र वाचताना मी खुर्चीत सरसावून बसले, कारण हा आजार ओळखू येतो आणि तो बरा करता येतो. याला ओसीडी म्हणतात, म्हणजे नको असलेला विचार आणि त्याला पुसण्यासाठी पुनःपुन्हा केलेली कृती. काहींना हात धुवावे लागतात, काहींना कुलूप तपासावं लागतं. तुम्हाला क्षमेची प्रार्थना करावी लागते. आजार माणसाला जे सगळ्यात मोलाचं वाटतं तिथेच धरतो. ज्याला प्रभूची पर्वा नाही त्याला असे विचार आले तरी त्याची झोप उडत नाही.

मार्कच्या वचनाविषयी एकदाच सांगते. तिथे शास्त्र्यांनी येशूची कामं डोळ्यांनी पाहिली आणि समजून-उमजून ती सैतानाची ठरवली. ते त्यांचं मत होतं आणि त्यावर ते ठाम होते. तुमच्या मनात उमटणारा शब्द तुमचं मत नाही, तुम्ही त्याच्या विरुद्ध आहात म्हणून तर दोन तास झगडता. हे मी पुन्हा सांगणार नाही. याच प्रश्नाचं दुसरं पत्र आलं तर मी त्याला उत्तर देणार नाही, आणि त्याचं कारण तुमच्याच पत्रात आहे. पाळकांनी पाच वेळा “नाही” म्हटलं आणि पाचही वेळा ते तेवढ्यापुरतंच टिकलं. दिलासा मिळाला की मेंदू शिकतो, म्हणजे धोका खरा होता, पुढच्या वेळी आणखी जोराने सावध करायला हवं. क्षमेची प्रार्थनाही तुमच्या बाबतीत हेच काम करते आहे. म्हणून ती तशी करणं थांबवायचं आहे. विश्वासी माणसाला हे ऐकायला विचित्र वाटेल, याची मला कल्पना आहे.

तुमच्याआधी या वाटेने मोठी माणसं गेली आहेत. इंग्रज धर्मोपदेशक जॉन बन्यन यांनी १६६६ मध्ये छापलेल्या आत्मकथनात लिहिलंय की ‘ख्रिस्ताला विकून टाक’ असा विचार त्यांच्या मनात सतत येत राही आणि ते तितक्याच वेळा ‘नाही, नाही’ म्हणत राहत. एकदा थकून ‘जायचं तर जाऊ दे त्याला’ असं मनात उमटलं आणि पुढे बराच काळ ते स्वतःला कायमचे हरवलेले समजत होते. जेझुइट संघाचे संस्थापक लोयोलाचे इग्नेशियस १५२२ मध्ये स्पेनमधल्या मान्रेसा इथे असेच अडकले. सगळं आयुष्य लिहून काढून पापांची कबुली दिली होती, तरी काहीतरी राहिलं असं वाटे आणि ते पुन्हा कबुलीला जात. दिवसाचे सात तास गुडघ्यांवर प्रार्थना चालू होती, तरी सुटका नाही. कबुली ऐकणाऱ्या धर्मगुरूंनी सांगितलं, अगदी स्पष्ट असेल तेवढंच जुनं सांग. पण त्यांना सगळंच स्पष्ट वाटायचं! शेवटी त्यांनी ठरवलं की मागच्या पापांची कबुली आता पुन्हा द्यायची नाही, आणि तिथून ते मोकळे झाले.

आजचे मानसोपचारतज्ज्ञ जवळपास हेच शिकवतात, फक्त पायरीपायरीने आणि सोबतीने. विचार येऊ द्यायचा, त्याला पुसायची प्रार्थना करायची नाही, अस्वस्थता चढते ती चढू द्यायची. थोड्या वेळाने ती आपोआप उतरते. हे पुनःपुन्हा केलं की भीतीचा जोर कमी होतो. ओसीडीसाठी प्रशिक्षण घेतलेल्या थेरपिस्टकडेच जा, कारण नुसता धीर देणारा समुपदेशक इथे नकळत आजार वाढवतो. गोळ्याही लागू शकतात. नैराश्याच्याच जातीच्या असतात, पण डोस बहुधा जास्त लागतो आणि गुण यायला आठ ते बारा आठवडे जातात. धीर सोडू नका.

पाळकांना घेऊन थेरपिस्टकडे एकदा जा आणि तिघांनी मिळून ठरवा. माझी सूचना अशी: प्रभूची प्रार्थना दिवसातून ठरलेल्या वेळी एकदा म्हणायची, अडखळलात तरी पुढे जायचं, आमेन म्हणून उठायचं, परत मागे जायचं नाही. सहाव्यांदा विचारायला गेलात तर पाळकांनी म्हणायचं, “यावर आपलं बोलून झालंय,” आणि दुसरा विषय काढायचा. प्रभुभोजन पुन्हा सुरू करा. विचार थांबण्याची वाट पाहू नका, ते डोक्यात असतानाच जा आणि भाकर घ्या.

प्रश्न: माझ्या पत्नीला बायपोलरचा (मन कधी उन्मादात चढतं, कधी नैराश्यात बुडतं असा) आजार आहे. लिथियम या औषधावर ती चार वर्षं स्थिर आहे. मंडळीत २१ दिवसांचा उपास आणि शेवटी रात्रभर प्रार्थना आहे. तिला दिवसभर पाणीही न घेता भाग घ्यायचा आहे. अडवलं तर मी प्रभूच्या कामात अडथळा आणतो असं म्हणते.

उत्तर: अडवा. लिथियम शरीरातून मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. पाणी कमी झालं, जेवणातलं मीठ एकदम कमी झालं, की ते रक्तात साठू लागतं. उपयोगी पातळी आणि विषारी पातळी यांत अंतर थोडं असतं, साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रति लिटर एवढ्यात ती राखायची असते आणि १.५ च्या वर विषबाधेची लक्षणं दिसू लागतात. हात जोराने थरथरणं, उलट्या, जुलाब, बोबडं बोलणं, चालताना झोक जाणं, यांतलं काहीही दिसलं तर लगेच रुग्णालयात न्या. उपासाने डोकं दुखतं म्हणून आयबुप्रोफेनसारखी गोळी घेतली तर पातळी आणखी चढते. आपण हे मंडळीत जाहीर सूचनेत का सांगत नाही, मला कळत नाही. उपासाची घोषणा होते तेव्हा मधुमेहाचे रुग्ण आठवतात, लिथियमवाले कुणाला आठवत नाहीत.

रात्रभराची प्रार्थना तर उपासाहून मोठा धोका. बायपोलरमध्ये एका रात्रीचं जागरणही उन्मादाला आमंत्रण ठरू शकतं. आणि उन्माद मंडळीत चढला तर लोक त्याला पवित्र आत्म्याचा अभिषेक समजतात. फरक असा ओळखा: आत्म्याच्या आनंदात असलेला माणूस थकला की झोपतो. उन्मादातला माणूस दोन-तीन तास झोपून टवटवीत उठतो, बोलणं थांबवता येत नाही, हातात असलेले पैसे वाटून टाकतो, आपल्यालाच विशेष पाचारण झालंय म्हणतो आणि कुणी टोकलं की भडकतो. असं दिसलं तर तिच्या डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा.

पत्नीला यशया ५८ वाचायला द्या. तिथे देवाला पसंत असलेला उपास म्हणजे बांधलेल्यांना सोडवणं, भुकेल्याला आपल्यातली भाकर देणं, बेघराला घरात घेणं. हे सगळं पाणी पिऊन आणि रात्री आठ तास झोपून करता येतं. आजाऱ्यांना उपासातून सूट देणं ही चर्चची जुनी रीत आहे, पाळकांनीच तिला हे सांगितलं तर तुमच्यावरचा आळ जाईल. रात्रीच्या प्रार्थनेच्या पहिल्या तासाला तिने जावं आणि झोपेच्या वेळेला तुम्ही तिला घरी आणावं.

प्रश्न: माझ्या धाकट्या भावाला आवाज ऐकू येतात. एक सेवक म्हणतात दुष्टात्मा आहे, त्याला आमच्याकडे ठेवा, आम्ही काढू. तिथे त्याला बांधून ठेवतात असं ऐकलं.

उत्तर: भावाला तिथे पाठवू नका. पाठवलं असेल तर आज परत आणा. आवाज ऐकू येणं हे सायकोसिसचं, म्हणजे वास्तवाचं भान सुटणाऱ्या मानसिक आजाराचं, लक्षण असू शकतं आणि उपचार जितके लवकर सुरू होतील तितकं पुढचं आयुष्य सावरतं. मत्तय ४:२४ मध्ये येशूकडे आणलेल्यांत भूतग्रस्त, फेपरेकरी, पक्षाघाती हे वेगवेगळे मोजले आहेत, म्हणजे सगळे आजार एकाच खात्यात घालायची रीत शुभवर्तमानाचीही नाही. कॅथलिक चर्च तर स्पष्टच सांगतं की मानसिक आजार ही वैद्यकशास्त्राची बाब आहे, आणि भूत काढण्याचा विधी करण्याआधी समोर आजार तर नाही ना, याची खात्री करून घ्यावी. येशूने कुणालाही बांधलेलं मला शुभवर्तमानात सापडत नाही. गरसेकरांच्या प्रदेशातल्या त्या भूतग्रस्त माणसाला साखळदंड घातले होते ते गावाने.

प्रश्न: मानसोपचाराच्या गोळ्या चालू असताना प्रभुभोजनाचा द्राक्षारस चालतो का?

उत्तर: एका घोटाने बहुतेक गोळ्यांना काही होत नाही, तरी डॉक्टरांना एकदा विचारून ठेवा. डायसल्फिरॅम हे दारू सोडवण्यासाठी दिलं जाणारं औषध मात्र अपवाद. त्यावर थोड्याशा मद्यानेही चेहरा लाल होणं, छाती धडधडणं, उलट्या असा त्रास होऊ शकतो, आणि औषध थांबवल्यावरही त्याचा असर काही दिवस, कधी दोन आठवडे राहतो. व्यसनातून बाहेर पडणाऱ्या माणसाने औषध नसलं तरी मद्य टाळावंच. पाळकांना आधी सांगून ठेवा, बऱ्याच मंडळ्या न आंबवलेला द्राक्षरस देतात. कॅथलिक असाल तर नुसती भाकर घेतली तरी प्रभुभोजन पूर्ण असतं, असं चर्चच शिकवतं. कुणी रांगेत कारण विचारलं तर सांगायची सक्ती नाही.